खिजगणतीत नसलेले

चि. … हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. पहिला रात्री साडेबाराचा, शेवटचा पावणेतीनचा. उत्तर लिहूनच देतो. बोलायला लागलो की मी भरकटतो. लिहिताना भरकटलो तर निदान खोडता येतं. (खोडलेलं नाही, हे वाचताना कळेलच.)

आधी तुझी गोष्ट तुलाच परत सांगतो, मला नीट कळली की नाही ते बघ. तुमच्या पक्षाच्या सोशल मीडिया कक्षासाठी तू बांगलादेशावर रील लिहिलंस. 'कटोरा घेऊन फिरणारा शेजारी' अशा थाटाचं. संहिता तुझी, कॅमेऱ्यासमोर तो दाढीवाला मुलगा. लाखांनी बघितलं. चौथ्या दिवशी कुणीतरी खाली लिहिलं की शेवटी हा पाठमोरा होऊन चालत जातो ना, तिथं व्हिडिओ थांबवा आणि कॉलरचं बाहेर आलेलं लेबल वाचा. मेड इन बांगलादेश. तू आधी हसलीस, मग तुला कसंनुसं झालं. साहेब म्हणाले, राहू दे ती कमेंट, तिच्यामुळे आणखी लोक बघतायत. आता पुढचं नेपाळवर कर. आणि रात्री पावणेतीनला तू मला विचारतेस, "काका, यात चुकलं काय, ते मला शब्दांत सांगता येत नाहीये. आणि समोरचा खरंच तुच्छ असेल तर?"

तू गुणी मुलगी आहेस वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुझ्या आईला माहीत आहे. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचा मात्र मला राग आला. राग आला म्हणूनच लिहितोय. तुला तुच्छ लेखलं असतं तर अंगठ्याचं चित्र पाठवून झोपलो असतो.

हाच माझा मुद्दा. पस्तीस वर्षं आंतरराष्ट्रीय पानावर घालवून हाताला लागलेली ही एवढीच शिदोरी. राग धर, तुच्छ लेखू नकोस. पत्रात हे पुन्हा पुन्हा येईल, कंटाळलीस तरी वाच. यात सभ्यतेचा प्रश्न नाही. सभ्यतेवर भाषण द्यायला माझ्यापेक्षा बरी माणसं आहेत. हा नजरेचा प्रश्न आहे. रागावलेला माणूस समोरच्यावर डोळा ठेवून असतो. तो कुठून येतो, कुणाला भेटतो, त्याच्या हातात काय आहे, सगळं बघतो. तुच्छ लेखणारा बघतच नाही. समोरचा त्याच्या खिजगणतीत नसतो, आणि जो गणतीतच नाही त्याचा हिशेब कोण ठेवणार?

तुझ्या कटोऱ्याचंच बघ. तुझ्या आधी पन्नास वर्षं तो वापरून झालाय. डिसेंबर 1971 च्या पहिल्या आठवड्यात, ढाका पडायच्या आधीच, वॉशिंग्टनमधल्या एका बैठकीत अलेक्सिस जॉन्सन हे मुत्सद्दी म्हणाले की हा नवा देश म्हणजे 'बास्केट केस' होणार. कायमचा पांगळा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. त्यावर अमेरिकी अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर म्हणाले की असेल, पण तो आपल्याच गळ्यात पडेल असं काही नाही. शब्द जॉन्सनचा, चिकटला किसिंजरला आणि त्याहून घट्ट चिकटला बांगलादेशाला.

पण गोष्ट तिथं सुरू होत नाही, ती घरातच सुरू होते. पश्चिम पाकिस्तानातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मनात पक्कं होतं की बंगाली हा काही लढवय्या माणूस नव्हे. भात-मासे खाणारा, कविता करणारा, ओरडला तर दटावायचा. मार्च 1948 मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन सांगितलं की राष्ट्रभाषा उर्दू आणि उर्दूच. 21 फेब्रुवारी 1952 ला त्याच भाषेपायी ढाक्यात पोरांवर गोळ्या चालल्या. नोव्हेंबर 1970 मध्ये चक्रीवादळात लाखो माणसं गेली आणि सरकारी मदत रखडत आली. आणि एवढं होऊनही पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीबद्दल लष्करी राजवटीच्या गुप्तचरांचा अंदाज काय होता? कुणालाच स्पष्ट बहुमत मिळणार नाही. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, थेट निवडणुकीच्या 162 जागा होत्या. बंगाल्यांच्या अवामी लीग या पक्षाने 160 जिंकल्या.

अगं, 162 पैकी 160! एवढी लाट गुप्तचर खात्याला दिसत नाही म्हणजे काय? अक्कल होती त्यांना. कान द्यावा असं वाटत नव्हतं, इतकंच.

मग 25 मार्च 1971 ची रात्र आली, पाकिस्तानी लष्कर ढाक्यातल्या माणसांवर तुटून पडलं. ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड समोर दिसतंय ते कळवत राहिले. 6 एप्रिलला तर वीस सहकाऱ्यांच्या सह्यांसह त्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवली. परराष्ट्र खात्यात असलं धाडस सहसा होत नाही. वॉशिंग्टनला त्यातून काय दिसलं? ढाक्यातल्या या वाणिज्यदूताची मानसिक ताकद जरा बेताचीच आहे, असं किसिंजर राष्ट्राध्यक्ष निक्सनना सांगत होते. ब्लडना तिथून हलवलं. म्हणजे तुच्छतेला ज्याचे डोळे उघडे दिसतात, त्यालाही ती तुच्छांच्याच यादीत घालते. तुमच्या कक्षात तो कमेंट दाखवणारा मुलगा होता ना, ज्याला सगळे 'सेन्सॉर बोर्ड' म्हणून चिडवतात? त्याच्याशी बोल जरा.

4 आणि 5 नोव्हेंबरला इंदिराबाई वॉशिंग्टनला होत्या. त्या भेटीच्या सुमारास निक्सन आणि किसिंजर आपसात जे बोलले ते ध्वनिफितींवर आहे, 2005 मध्ये ते सगळ्यांसमोर आलं. निक्सनच्या तोंडी 'म्हातारी चेटकीण', किसिंजरच्या तोंडी भारतीयांसाठी शिवी. आपल्याकडे तेव्हा शिव्यांवरच गदारोळ झाला. मला शिव्यांचं काही वाटलं नाही. मी तो मजकूर भाषांतरासाठी पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि मला खटकलं ते दोघांचं खूश होणं. बाईंना आपण बरोबर गुंडाळलं, अशा समाधानात ते दोघं होते. इकडे ऑगस्टमध्येच बाईंनी सोव्हिएत संघाशी करार करून ठेवलेला. सहा आठवड्यांत ढाक्याच्या रेसकोर्सवर शरणागतीची सही झाली आणि 93 हजार माणसं युद्धकैदी झाली.

आणि तो 'पांगळा' देश? ऑक्टोबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज आला. त्या वर्षीचं दरडोई उत्पन्न बांगलादेशाचं 1,888 डॉलर, आपलं 1,877. करोनाचं वर्ष, आपली घसरण मोठी, सगळं मान्य. पण तो आकडा वाचून आपल्याकडच्या भल्याभल्यांना धक्का बसला, त्या धक्क्याबद्दल बोलतोय मी. लाखो बायका शिलाईच्या कारखान्यांत जात होत्या, मुली शाळेत जात होत्या, आणि हे दोन-तीन दशकं आपल्या शेजारी उघड्यावर चाललं होतं. त्या कारखान्यांतले कपडे आपण अंगात घालून फिरत होतो. त्या मुलाच्या कॉलरला होतं ते हेच.

बांगलादेशावर रागावायला आज कारणं नाहीत का? आहेत. ऑगस्ट 2024 नंतर तिथं जे झालं त्यावर कडक लिही, अल्पसंख्याकांवर हल्ले झाले त्यावर लिही, मी पहिला वाचेन. राग धर. कटोरा नको.

मी कराडचा. 1965 ला दुसरीत होतो. संरक्षणमंत्री आमच्या गावचे, यशवंतराव, त्यामुळे ती लढाई म्हणजे जणू आमच्याच पेठेचं कार्य. आळीत एकच रेडिओ, संध्याकाळी सगळे तिथं. पाकिस्तानचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "चिलटं आहेत, चिलटं!" माझे आजोबा खेकसायचे, "हिवताप कशाने येतो रे?" तेव्हा मला तो नुसता विनोद वाटायचा. पुढे वाचनात आलं की त्याच वर्षी 29 ऑगस्टला अयूब खानांनी आपल्या लष्करप्रमुखांना लेखी कळवलं होतं, की योग्य वेळी योग्य जागी दोन-चार तडाखे बसले की हिंदूंचं मनोधैर्य टिकत नाही. दिल्लीत शास्त्रीजी, पाच फूट उंची, धोतर. ते काय करणार? 6 सप्टेंबरला आपल्या फौजा आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघाल्या. आजोबांनी अयूब खानांनाही तोच प्रश्न विचारला असता.

आता तू म्हणशील, ही सगळी दुसऱ्यांची उदाहरणं. बरं. आग्र्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, 12 मे 1666, दरबारात मागच्या रांगेत उभं करणं, महाराजांचं ताडकन निघून जाणं. आपण ती नेहमी महाराजांच्या बाजूने सांगतो, तेच बरोबर. मी मात्र रांगा लावणाऱ्या त्या दरबाऱ्यांचाही विचार करतो. त्यांच्या वहीत एक पंचहजारी होता, आणि पंचहजाऱ्याची जागा ठरलेली. वही बरोबर होती, माणूस वहीत मावत नव्हता. पण त्यानंतर शंभर वर्षंही झाली नाहीत तोवर वही आपल्या हातात आली होती. 1760 मध्ये सूरजमल जाट भाऊंना सांगत होता की बायकामुलं, बुणगे, अवजड तोफा मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा. भाऊंनी ते धुडकावलं, काय कळतं या जाटाला म्हणून, असं बखरी सांगतात. बिनसण्याला इतरही कारणं होती, इतिहासकार त्यावर भांडतात, भांडू देत. सूरजमल निघून गेला एवढं खरं. आणि पानिपतानंतर उपाशी, जखमी, अंगावर धड कपडा नसलेली आपली माणसं आश्रयाला गेली ती त्याच सूरजमलाच्या मुलखात, हेही खरं. पोवाड्यात हे कडवं आपण जरा भराभर म्हणतो.

आता माझं.

2015. एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. आपली मदत सगळ्यांत आधी पोचली आणि आपल्या वाहिन्यांनी तिथं असा धुडगूस घातला की दहा दिवसांत नेपाळी लोक 'भारतीय मीडिया, घरी जा' असा हॅशटॅग चालवू लागले. सप्टेंबरमध्ये त्यांनी राज्यघटना आणली. भारताला लागून असलेल्या तराईतल्या मधेशींवर त्यात अन्याय होता असं आपलं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्यही होतं. मग रक्सौल-वीरगंज नाक्यावर ट्रक अडले. नाकेबंदी आम्ही केलीच नाही, असं दिल्ली म्हणत राहिली. नेपाळमध्ये पेट्रोल नाही, औषधं नाहीत, गॅसचे सिलिंडर अर्धे भरून देऊ लागले.

त्या दिवसांत मी एक स्फुट लिहिलं. मथळा होता 'लहान तोंडी मोठा घास'. शेवटचं वाक्य अजून पाठ आहे: "पंधरा दिवस चूल पेटली नाही की काठमांडूचं डोकं आपोआप ताळ्यावर येईल." खूप गाजलं. संपादकांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

त्याच आठवड्यात, रात्रपाळी करून पहाटे घरी आलो तेव्हा सोसायटीचा वॉचमन गेटवर जागा होता. नेपाळचा, सुदूरपश्चिमेकडच्या अछाम जिल्ह्यातला. तिकडची कितीतरी माणसं पुण्या-मुंबईत वॉचमन आहेत. तो म्हणाला, "साब, आप पेपर में हैं ना? ये ट्रक कब छूटेंगे?" त्याची मुलगी काठमांडूत नर्सिंग शिकत होती. वसतिगृहातल्या पोरी गच्चीवर विटा मांडून, खोक्यांची लाकडं जाळून भात शिजवत होत्या. फोनवर फोटो दाखवला. काळं झालेलं पातेलं, शेजारी तीन मुली, हसतायत. मी म्हटलं, बहादूर, सुटतील लवकरच. तो नऊ वर्षं आमच्याकडे होता. त्याचं नाव बहादूर नव्हतं, सोसायटीने आधीच्या वॉचमनचं नाव त्याला लावलं होतं, आणि आधीच्याचंही ते खरं होतं की नाही देव जाणे. जगातल्या पंतप्रधानांची नावं अचूक उच्चारासकट लिहिणारा मी, आणि मला गेटवरच्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. पंधरा दिवसांत कुणाचं डोकं ताळ्यावर आलं नाही. मार्च 2016 मध्ये नेपाळचे पंतप्रधान ओलींनी बीजिंगला जाऊन वाहतुकीचा करार केला, आणि 2017 ला त्यांची आघाडी जवळपास दोन-तृतीयांश जागा घेऊन निवडून आली. भारतासमोर वाकला नाही तो पुढारी, अशी त्यांची प्रतिमा झाली. ती आपण करून दिली, माझ्या स्फुटासकट. मराठी पेपरातलं स्फुट काठमांडूत कोण वाचतं, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. माहितीही चुकीची नव्हती, एकही आकडा मागे घ्यावा लागला नाही. पण 'नेपाळ मान तुकवील' हे मी ज्या खात्रीने लिहिलं, ती खात्री कुठून आली होती? कुठल्या अहवालातून? अहवालातून नव्हे, गेटवरच्या 'बहादूर'वरून.

त्यानंतर मात्र मी हट्टाला पेटलो. माझ्या पानावर देशांची, नेत्यांची टोपणनावं चालणार नाहीत. 'चपराक', 'तंतरली', 'लायकी दाखवली' हे मथळे चालणार नाहीत. डेस्कवरची मुलं मला 'शिष्टाचार अधिकारी' म्हणायची. एकदा रात्री अकराला संपादकांशी एका शब्दावरून वाजलं, पान पंचवीस मिनिटं उशिरा गेलं. शेवटची दीड वर्षं मला पुरवणीत टाकलं. शब्दकोडं, राशिभविष्य, वाचकांची पत्रं. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला बाजूला केलं. मी म्हणतो, त्या दीड वर्षात वाचकांची पत्रं मी जितकी लक्ष देऊन वाचली तितकी कुणी वाचली नसतील. मी स्वतःची बाजू मांडतोय असं तुला वाटेल. मांडतोच आहे. बेचव मथळे लावले म्हणून माझ्या पानाचा वाचक घटला, असा आरोप होता. घटला असेल. पण चुकीच्या खात्रीने मी पुन्हा काही छापलं नाही.

आणि हो, रात्री नऊला टीव्हीवर ओरडणाऱ्या त्या मंडळींबद्दल मला जे वाटतं, ती तुच्छता नव्हे, राग आहे. बरं, थोडी तुच्छता आहे. म्हणूनच तर ते एवढे का चालतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता तुझा लाडका प्रश्न. समोरचा खरंच तुच्छ असेल तर? तुमच्या धंद्यात याचं उत्तर मतमोजणीच्या दिवशी मिळतं. जानेवारी 2014 मध्ये मणिशंकर अय्यर यांनी काँग्रेसच्या अधिवेशनात मोदींना चहा वाटायची जागा देऊ केली. महिनाभरात 'चाय पे चर्चा' सुरू झाली, पुढचं सांगायला नको. दुसऱ्या बाजूने दहा वर्षं एकाला 'पप्पू' म्हणून घेतलं आणि 2024 ला 240 वर थांबून मित्रपक्षांचे हात धरावे लागले. आणि आपल्याच राज्यात, जूनमध्ये लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा जिंकलेले तीन पक्ष नोव्हेंबरात विधानसभेला मिळून 46 वर आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "दीड हजारात बायका विकल्या गेल्या." मी विचारलं, "सर, महागाई भत्ता वाढला तेव्हा आपण किती टक्क्यांना गेलो होतो?" पंधरा दिवस बोलणं बंद होतं. त्यांना पराभवाचं कारण शोधायचंच नव्हतं, ते त्यांना आधीच सापडलेलं होतं. तुमच्या कक्षात निकालानंतर अशी 'सापडलेली' कारणं किती आहेत, मोजून बघ.

नोकरी सोड म्हणणार नाही. भाडं भरायचं असतं, मला कळतं. नेपाळचं रील करायचंच असेल तर कर, टीका कर, कालापानी या वादातल्या सीमाभागाच्या नकाशावरून खडसाव. फक्त संहिता लिहिण्याआधी एक कागद घे आणि त्यावर लिही की या माणसाच्या मागे त्याचे लोक का उभे आहेत, त्यांना त्याच्यातून काय मिळतं. 'मूर्ख आहेत म्हणून' हे उत्तर बाद. पाच ओळी जमल्या नाहीत तर तुला विषय कळलेला नाही, रील पुढे ढकल. साहेबांना सांग, तब्येत बिघडलीय, इंटरनेट गेलंय, काहीही.

आणि उद्या तुलाच कुणी हिणवलं तर? तुमच्या क्षेत्रात ते होणारच. 1931 मध्ये चर्चिलने गांधींना अर्धनग्न फकीर म्हटलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तर फार कुणाला ठाऊक नसतं. ते आपल्या पाचगणीहून गेलं, 17 जुलै 1944 ला. आगाखान पॅलेसमधून सुटून दोन-अडीच महिने झालेले, कस्तुरबा तिथंच गेलेल्या. गांधींनी चर्चिलना लिहिलं की नागडा फकीर व्हायचा माझा फार दिवसांचा प्रयत्न आहे, ते अवघड काम आहे, तेव्हा तुमचा हेतू नसला तरी मी ही स्तुतीच मानतो. आणि पुढे, माझ्यावर विश्वास ठेवा आणि माझा उपयोग करून घ्या. मवाळपणा वाटतो ना? पुन्हा वाच. ज्याने समोरच्याचं एक भाषण तेरा वर्षं लक्षात ठेवलंय, असा माणूस लिहितोय हे. ते पत्र वाटेत गहाळ झालं. त्यांनी पुन्हा पाठवलं.

रविवारी जेवायला ये, तो पाच ओळींचा कागद घेऊन. आईला म्हणावं, लोणच्याची बरणी परत द्यायची राहिलीय, तुझ्याबरोबरच देतो.

तुझा,
काका

ता. क. तो वॉचमन 2018 ला गावी परत गेला. मुलगी नर्स झाली, दसऱ्याला दोघांचा फोटो येतो. नाव अर्थातच तेव्हाच विचारून घेतलं होतं. माझ्या फोनमध्ये मात्र तो अजून 'बहादूर वॉचमन' म्हणूनच सेव्ह आहे.